जेवणाला बाद झालेला टोप

मित्रांनो, जरा थांबा. आधी माझं झाकण नीट बसू द्या. मी बोलायला लागलो की ते खडखडतं. लोकांना वाटतं, वाफेमुळे. वाफ कसली डोंबलाची! माझा स्वभावच तसा आहे. बिडाचा टोप आहे मी, जुना, काळा, पोटाने मोठा, तीन बुटक्या पायांचा आणि जन्माचा उतावळा. चुलीवर चढवलं की केव्हा उकळतो असं होतं आणि उतरवून ठेवलं की पुन्हा केव्हा चढवतील असं होतं. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. देवाने पाय दिले, पण तेही न चालणारे.

माझा जन्म दूर दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात बिडाचा लाल रस ओतला आणि तो पुरता निवायच्या आतच मला बाहेर पडायची घाई झाली. त्या घाईत माझ्या कडेला एक बारीक खड्डा राहून गेला, तो आजही आहे. म्हाताऱ्या ओताऱ्याने साचा फोडला, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि बोटाने टिचकी मारली. मी ठणकन वाजलो. "दिसायला यथातथाच आहे," तो म्हणाला, "पण चार माणसांना पुरून उरेल." त्याने बहुधा माझं पोट पाहून तसं म्हटलं असावं, पण मला ते आयुष्याबद्दल वाटलं आणि मी उगाच फुगलो.

मेंढ्या कातरणाऱ्या एका टोळीच्या मुकादमाने मला विकत घेतलं आणि टोळीच्या स्वयंपाकिणीच्या हवाली केलं. तिचं नाव पारेहुइया. तेव्हा ती तरुण होती, दंडाने दणकट आणि जिभेने त्याहून दणकट. तिने मला डुकराच्या चरबीने आतून-बाहेरून चोळलं, तापवलं, पुन्हा चोळलं. "नवा टोप म्हणजे नवा जावई," ती म्हणाली. "आधी चरबी पाजा, मग कामाला जुंपा."

आणि जुंपलंच तिने मला! काय ते दिवस होते, मित्रांनो! एका मळ्यावरची मेंढरं कातरून झाली की टोळी दुसऱ्या मळ्यावर निघायची. उघड्या ट्रकमध्ये घोंगड्यांच्या गठ्ठ्यांवर मी बसायचो आणि वळणावळणावर गडगडायचो. माझ्यासारख्या उतावळ्याला आणखी काय हवं होतं? थंडीत तर माझा मान काही औरच. सकाळी कुंपणाच्या तारांवर बर्फ गोठलेला असायचा, गड्यांच्या नाकातून वाफा निघायच्या, आणि पारेहुइया माझ्यात डुकराची हाडं उकळत ठेवायची. मग बटाटे, रताळी, लाल भोपळा. मग झऱ्याच्या कडेची हिरवी भाजी, थोडी कडसर, हातभर जुड्याच्या जुड्या. शेवटी पिठाचे गोळे वर सोडायचे आणि झाकण घालायचं. याला आमच्याकडे बॉइल-अप म्हणतात. नाव साधं आहे, कारण कृतीही तेवढीच साधी आहे. पण गोळे शिजत असताना झाकण उघडायचं नाही, एवढं मात्र पथ्य. जो उघडेल त्याच्या हातावर पळी बसायची.

गडी पाठ वाकवून वाकवून मोडलेले असायचे. एक वाडगा पोटात गेला की त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या, दुसरा गेला की कुणीतरी गाणं म्हणायला लागायचं. एकदा एक आडदांड गडी म्हणाला, "पारे, हा टोप मला देऊन टाक. मी याच्याशी लग्न करतो."

"त्याला विचार," पारेहुइया म्हणाली. "पण तो आंघोळ केलेल्या माणसाशीच बोलतो."

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे झाकण वाजवलं.

वर्षं गेली. टोळी पांगली. पारेहुइया मला घेऊन रुआपेहू डोंगराच्या पायथ्याशी आपल्या गावी आली, लाकडाच्या लहान घरात. तिथे तिने आपल्या नातवाला, एरूला, वाढवलं. तिला सगळं गाव नॅन पारे, म्हणजे पारे आजी, म्हणू लागलं. पोरं मोठी झाली, गेली, आली, पण हिवाळ्यात लोखंडी चुलीवर मी आणि माझ्याशेजारी खुर्चीत नॅन, हे काही बदललं नाही.

नॅनच्या घरात काही गोष्टींवर वाद होत नसे. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही. भांडी पुसायची फडकी कपड्यांबरोबर भिजवायची नाहीत. अंगाचं पाणी वेगळं, अन्नाचं वेगळं, आणि त्यांची भांडीही वेगळी. ही रीत नॅनच्या आजीची, तिच्या आजीची, त्याच्याही मागची. एरूला ती कुणी शिकवली नव्हती, त्याने ती पाहून पाहून घेतली होती. आणि तिथेच पुढचा सगळा घोटाळा झाला. जे आपण न शिकता शिकतो, ते दुसऱ्याला सांगायचं राहूनच जातं.

कारण एरूने लग्न केलं ते ब्रीशी. ब्री समुद्रापलीकडच्या टाउन्सविलची. तिच्या गावी थंडी म्हणजे रात्री पंखा बंद करायचा. बिचारी आमच्याकडे आली ती ऐन मे महिन्यात, म्हणजे आमच्या हिवाळ्याच्या तोंडावर, पातळ चपला घालून. पहिल्या आठवड्यात ती घरातसुद्धा टोपी घालून हिंडत होती. गाजरं धुवायच्या कारखान्यात कामाला लागली, संध्याकाळी आली की चुलीला अशी चिकटायची की तिच्या स्वेटरला करपल्याचा वास यायचा. माझ्याकडे ती फार कौतुकाने बघायची. पण मला हात लावायची सोय नव्हती.

"नॅन, मी ढवळू का?"

"बॉइल-अप ढवळत नसतात."

"मग भाजी टाकू?"

"तू बस. तुला थंडी वाजतेय."

नॅन वाईट नव्हती हो. तिला वाटायचं, ही पोर उन्हाळ्यातली, एक हिवाळा पाहील आणि एरूला घेऊन परत पळेल. मग कशाला उगाच टोप दाखवायचा? आणि ब्रीला वाटायचं, मी या घरात चुलीजवळ उभी राहू शकले तरच मी इथली. दोघींच्या मधे मी. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

पण मित्रांनो, खरी काळजी वेगळीच होती. आदल्या हिवाळ्यात नॅनला न्यूमोनिया झाला होता. मोठ्या दवाखान्यातून ती परत आली तेव्हा तिचा कोट तिलाच मोठा होत होता. डॉक्टरीण एरूला म्हणाली होती, "या वर्षी पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. पोटात गरम जात राहू द्या, अंग गार पडू देऊ नका. वसंत आला की आपण जिंकलो." एरूने हे घरी येऊन सांगितलं. नॅन म्हणाली, "मी सगळ्या टोळीला वर्षानुवर्षं खाऊ घातलं, आता मला पोटात काय घालायचं ते शिकवा!" पण त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाचा एक कान तिच्या खोकल्याकडे असायचा. मी तर दोन्ही कड्यांनी तोच ऐकायचो.

हिवाळा आपल्या वाटेने चालला होता. नॅन वाडगाभर खायची. दुपारी व्हरांड्यातल्या फाटक्या सोफ्यावर ऊन खायची, मांडीवर गोधडी, हातात पत्ते. तिची चुलत बहीण, आंटी केरी, नदीकाठच्या भाचरांकडून कावाकावाची पानं आणायची, तीही अळ्यांनी भोकं पाडलेली. "अळीला अक्कल असते," केरी म्हणायची, "ती चांगलंच पान खाते." त्याचा काढा, त्यात मध, आणि मग दोघी म्हाताऱ्या पत्त्यांत एकमेकींना बिनदिक्कत फसवायच्या. सुख म्हणजे आणखी काय असतं? "गार वाटतंय का नॅन?" कुणी विचारलं की नॅनचं उत्तर ठरलेलं होतं. "छे! मला कुठे गार वाटतंय?"

मग एक दुपार अशी आली की पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागले. एरू डोंगराच्या रस्त्यावर बर्फ बाजूला करायच्या गाडीवर होता. ब्री कामावरून लवकर आली. नॅन खुर्चीत मान टाकून पडली होती, अंग तापलेलं, खोकला खोल गेलेला. मी चुलीवर होतो. माझ्यात नुसतं पाणी होतं. नॅनने हाडांसाठी ते ठेवलं आणि तिला गळून गेल्यासारखं झालं, म्हणून ती बसली, ती बसलीच. मी खडखडून खडखडून दमलो होतो. टोपाचं कोण ऐकतं?

ब्रीने तिच्या कपाळाला हात लावला, मग पायमोज्यांतून पायांना. आणि तिचा चेहरा पडला. पाय दगडासारखे गार होते. फोनला लाइन नव्हती, दवाखाना दूर, रस्त्यावर बर्फ. तिला तिच्या आजीचं एकच औषध ठाऊक होतं. पाय गरम तर माणूस गरम. तिने इकडेतिकडे पाहिलं. न्हाणीतल्या टबापर्यंत नॅनला नेणार कशी? आणि समोर चुलीवर मी, कोमट होऊन गरमकडे चाललेला, हवा तेवढा मोठा. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, हाश्श हुश्श करत खाली ठेवलं, गार पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं. आणि नॅनचे मोजे काढून तिचे पाय माझ्यात सोडले.

मी हादरलो. माझ्या इतक्या वर्षांत माझ्यात पाय! मला किंचाळायचं होतं. पण खरं सांगू? ते पाय इतके गार होते की माझी ऊब आपोआप तिकडे धावली. मी थांबवूच शकलो नाही. ब्री माझ्याशेजारी जमिनीवर बसून नॅनच्या पोटऱ्या चोळत राहिली. पाणी निवत आलं की किटलीतलं थोडं ओतायची. हळूहळू नॅनच्या पायांत रंग आला, श्वास जरा सैल झाला.

आणि मग नॅनने डोळे उघडले. आधी ब्रीकडे पाहिलं, मग खाली.

"ब्री," ती अगदी हळू म्हणाली, "हा कुठला टोप आहे?"

"मोठा, नॅन. चुलीवरचा." ब्री हसली. "आता बरं वाटतंय ना?"

नॅन ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाय बाहेर काढले, स्वतः पुसले आणि भिंतीकडे तोंड केलं. ब्रीला कळेना काय झालं. तेवढ्यात आंटी केरी दारातून बर्फ झटकत आत आली, तिने जमिनीवर मला पाहिलं, ओल्या पायांकडे पाहिलं, आणि मग मात्र जी तोफ सुटली!

"अगं बये! जेवणाच्या टोपात पाय? पाय? तुमच्याकडे काय, ताटात बसून जेवतात? याच्यात सगळ्या गावाने खाल्लंय! आता काय करायचं याचं? धुऊन जातं होय असलं काही?"

ब्री पांढरीफटक पडली. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं, नॅन. कुणी सांगितलंच नाही मला."

"केरी, पुरे," नॅन भिंतीकडे बघूनच म्हणाली. "एरू आला की त्याला सांगा, टोप शेडमध्ये ठेव. तो जेवणाला बाद झाला."

जेवणाला बाद! मित्रांनो, मला फोडून भंगारात टाकलं असतं तरी इतकं लागलं नसतं. एरू आला, त्याने सगळं ऐकलं, डोक्याला हात लावला. तो ब्रीला म्हणाला, "चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं." पण मला त्याने उचललंच. परसातल्या लाकडाच्या शेडमध्ये, ओंडक्यांच्या मागे, जुन्या रंगाच्या डब्यांशेजारी मी बसलो.

तिथले दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. पाणी ओतून देऊन मला कुणी कोरडं पुसलं नव्हतं, त्यामुळे तळाला तांबूस गंज धरला. पण गंजाचं काय एवढं नाही. मला कळेना की नॅन जेवते की नाही! स्वयंपाकघरात असताना मी तिचा खोकला मोजूनमापून ओळखायचो. शेडमध्ये भिंतीच्या फटीतून तो अर्धामुर्धा यायचा. कधी वाटायचं, वाढला. कधी यायचाच नाही, आणि मग तर जिवाचं पाणी पाणी व्हायचं. खोकला नाही म्हणजे बरं वाटतंय की... नको, पुढचं नको. लाकडं न्यायला कुणी आलं की मी कान टवकारायचो.

एरू लाकडं फोडताना केरीशी बोलायचा. त्यातून मला कळायचं, कळायचं म्हणजे तुकडे तुकडे.

"ती खातच नाही गं आंटी. तुझा तो नवा टोप आहे ना, म्हणते, त्याला पत्र्याची चव लागते."

"माझ्या टोपाला नावं ठेवते होय? चांगला ॲल्युमिनियमचा आहे, उचलायला हलका."

"म्हणते, हलक्या टोपातलं अन्न हलकंच. चहा आणि पाव, चहा आणि पाव. बॉइल-अप करायला उठतच नाही. आणि ब्री चुलीच्या आसपास फिरकत नाही. पाकिटातल्या शेवया खाते खोलीत बसून."

"मग तू कर."

"मी केलं. गोळे दगड झाले."

पुढे एकदा ब्रीच शेडमध्ये आली. लाकडं घ्यायला म्हणून आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. एरू मागून आला.

"मी घरी जाते, एरू," ती म्हणाली. "टाउन्सविलला. मी इथे असेपर्यंत ती जेवणार नाही. तिला काही झालं तर ते माझ्यामुळे झालेलं असेल."

"वेडी आहेस का? ती हट्टी आहे, तेवढंच."

"तिला वसंत बघायचाय ना? मग मी गेलेली बरी. शनिवारी विमानतळाकडे जाणारी बस आहे."

एरू तरातरा निघून गेला. बाहेर कुऱ्हाडीचे घाव सुरू झाले, नेहमीपेक्षा जोरात. मी आतल्या आत ओरडत होतो. अरे तिला अडवा! अरे कुणीतरी नॅनला काहीतरी गरम द्या! पण माझी खडखड शेडच्या भिंतीबाहेर जात नाही, ही माझी गोची.

शनिवार उजाडला तो बर्फ घेऊनच. आणि सकाळपासून गाड्या. एक गाडी, दुसरी, आणखी एक. माणसांचे आवाज, दारं आपटल्याचे आवाज. मग शेडचं दार धाडकन उघडलं आणि नॅनच्या भाचरांपैकी दोघं आत घुसले. एकाच्या खांद्यावर गादी होती.

"मोठे टोप कुठायत? मराएवर माणसं जमतायत, तिथले पुरणार नाहीत."

"हा घे की."

"अरे, तो नको. तो बाद आहे. चल, केरीकडचे घेऊ."

दार लागलं. मी तसाच.

मित्रांनो, मराए म्हणजे आमच्या गावाचं सगळ्यांचं मिळून घर. तिथे गाद्या नेतात आणि मोठे टोप लागतात, ते कधी? कुणी गेलं की. माणसं चहूकडून येतात, मेलेल्या माणसाजवळ बसतात, झोपतात, आणि सगळ्यांना जेवू घालावं लागतं. मी कितीदा गेलोय तिथे त्या कामाला. म्हणून माझं जे व्हायचं ते झालं. मी नॅनचा खोकला शोधू लागलो. नाही. पुन्हा ऐकलं. नाही. घर चिडीचूप. चुलीचा धूर नाही, केरीची बडबड नाही, रेडिओ नाही. गेली. माझी पारे गेली. चहा आणि पाव खाऊन गेली, माझ्या डोळ्यांदेखत म्हणावं तर तेही नाही, मी इथे रंगाच्या डब्यांशेजारी! मला एवढा राग आला, ब्रीचा, केरीचा, त्या रीतीचा, माझ्या या न चालणाऱ्या पायांचा, सगळ्यांचाच. आणि मग राग संपला आणि मी नुसता थंड पडलो, बिडाचा निर्जीव गोळा.

दिवस कलला. अंगणात पावलं वाजली. बर्फात करकर, आणि मधे मधे काठी. मग एक खोकला. माझ्या ओळखीचा! कोरडा, वरवरचा, शिव्या दिल्यासारखा.

दार उघडलं. नॅन पारे उभी होती, एरूचे मोठाले गमबूट घालून, कोटावर कोट चढवून. मागे ब्री, बाह्या वर सारलेल्या, गालाला पीठ लागलेलं.

"नॅन, काय हवंय ते मला सांगा ना, तुम्ही कशाला आलात?"

"गप. लाकडाच्या ओंडक्यावर बसू दे आधी." नॅन धापा टाकत बसली. पण चेहरा! मित्रांनो, तो चेहरा मी टोळीच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता. लाल, घामेजलेला, खूश.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळं उमगलं. कुणी मेलं नव्हतं. डोंगराचा रस्ता बंद झाला होता आणि बर्फावर खेळायला आलेले लोक, बसगाड्या भरभरून, वाटेत अडकले होते. ब्रीची बसही त्यांतच होती. एरूने सगळ्यांना मराएवर आणलं. एवढ्या माणसांचं करणार कोण? नॅनला कुणी बोलावलं नाही, तीच निघाली. तिला हात हवे होते, आणि बसमधून उतरून भांबावलेली ब्री समोर उभी होती.

"गोळे चांगले झाले होते," नॅन म्हणाली.

"तुम्ही सांगत होतात म्हणून."

"मी ओरडत होते. सांगणं वेगळं. आणि पळी मारली ते लागलं नाही ना?"

"थोडं लागलं."

"मग आता झाकण उघडणार नाहीस." नॅनने गुडघ्यावर हात टेकले. "मी दोन वाडगे खाल्ले. केरीच्या पत्र्यातले. तिला सांगू नकोस." मग काठीने तिने माझ्याकडे दाखवलं. "बघत काय राहिलीस? उचल तो."

ब्री जागची हलली नाही. "नॅन... तो बाद आहे ना?"

"जेवणाला बाद. तो आता कधीच चुलीवर चढणार नाही, ती रीत आहे आणि ती राहणार. पण माझे पाय बर्फ झालेत, आणि एवढा वेळ ऊब धरून ठेवणारं दुसरं भांडं या घरात नाही."

ब्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. नॅन तिच्याकडे न बघता बोलत राहिली, जरा घाईने.

"त्या दिवशी मला कधीच जाग आली होती. तू पाय चोळत होतीस तेव्हाच. मी डोळे मिटून पडले होते. इतकं बरं वाटत होतं की बोलवेना. आधी बोलले असते तर तू थांबली असतीस. मग पाणी निवलं, आणि म्हटलं, आता रागवायला हवं."

"नॅन! आणि मी इतके दिवस—"

"मी हट्टी आहे. एरूने सांगितलं नाही का तुला? उचल आता. कंबर नको वाकवू, गुडघे वाकव. जड आहे तो, माझ्यासारखा."

माझ्यात पाय होते त्या दिवशी, आणि मला कळलं नाही की ती जागी आहे! एवढा मी स्वतःच्याच दुःखात होतो.

ब्रीने मला घासलं, गंज काढला, आणि मला घरात नेलं. चुलीजवळ. चुलीवर नव्हे. मला खोटं बोलता येत नाही, मित्रांनो. चुलीवर तो केरीचा चकचकीत टोप बसलेला पाहून माझं झाकण पुन्हा खडखडलं. अजूनही खडखडतं. जूनमध्ये पहिलं दव गोठलं की आत हाडं उकळायचा वास येतो आणि मला वाटतं, आता मला चढवतील. कुणी चढवत नाही. पण मग किटलीतलं पाणी माझ्यात पडतं, ब्री कोपर बुडवून पाहते, आणि नॅन पारेचे पाय येतात. वाकडी बोटं, जाड टाचा, साऱ्या माळरानावरून चाललेले पाय. वर तिच्या हातात वाडगा असतो, खाली मी असतो, आणि मधे ती सगळ्यांना हुकूम सोडत बसलेली असते. त्या वर्षी तिने वसंत पाहिला. पुढचाही पाहिला.

म्हणून एक मागणं आहे. थंडीत पोटात गरम जाऊ द्या, उन्हात बसा, एकमेकांना पत्त्यांत फसवा. नव्याने घरात आलेल्या माणसाला घरच्या रीती तोंडाने सांगा, नुसती वाट बघू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "गार वाटतंय का?" असं विचारत बसू नका. म्हातारी माणसं "नाही"च म्हणतात. त्यांचे पाय हातात घेऊन बघा.